पाचवी जागा

साईनाथ शब्दाचा पक्का आहे, असं मी त्या वर्षापर्यंत सगळ्यांना सांगत फिरायचे. कुणी विचारलेलं नसतानाही सांगायचे. आता कुणी त्याचं नाव काढलं की मी विषय बदलते, आणि विषय बदलता आला नाही तर तोंड सोडते. आज तोंड सोडायचंच ठरवून बसले आहे.

गोष्ट दोन हजार सहा सालची. शहापूरच्या एसटी स्टँडमागे आमचा एक गाळा होता, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा. बाहेर पाटी होती ‘साई-आरती कॉम्प्युटर्स’. आरती म्हणजे मी. पाटी लागली तेव्हा समोरचा चहावाला म्हणाला होता, देवाचं दुकान काढलंय की काय. लोक आणखीही बरंच काही म्हणायचे. आमच्यात तसं काही नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. तसं काही असावं, असं मला वाटायचं, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

आमचं गाव मुरबाडच्या अंगाला. साईनाथ गावातला, मी वाडीची. वाडी म्हणजे गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे. वाडीतली माणसं गावाच्या शेतावर लावणीला जातात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीला. माझा बाप जाणू अजून भट्टीवरच होता. मी आश्रमशाळेत शिकले, बारावी झाले आणि शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासला आले. तिथे माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहायची. साईनाथ उशिरा आला, इकडेतिकडे न बघता त्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “तुला पॉइंटर समजले का गो? मला नाय समजले.” पुढे त्याच्या घरी जेवायलाही गेले. त्याच्या आईने, काशीकाकीने, मला सगळ्यांच्या पंक्तीत बसवलं, सगळ्यांसारखंच ताट दिलं. माणूस पारखायला आणखी काय लागतं, असं मला तेव्हा वाटलं.

गावच्या डेअरीचं काम आम्हाला मिळालं ते साईनाथचा काका विठू चेअरमन होता म्हणून. दूध मोजायचं, फॅट बघायची, पावती द्यायची, हे सगळं मशीनवर आणायचं होतं. तराजू, फॅट मशीन आणि दिवे हा भाग साईनाथचा. सभासदांची नावं आणि पावती माझ्याकडे. दोन्ही भागांच्या मध्ये एक टपल होतं. टपल म्हणजे ठरलेल्या जागांची ओळ. कुठल्या जागेवर कुठल्या प्रकारची गोष्ट बसणार, हे आधीच ठरतं आणि मग ते हलत नाही. नांगराला बैल जुंपताना डावा तो डावा आणि उजवा तो उजवा, अदलाबदल केली तर दोघंही चालत नाहीत, तसंच. एका गावच्या डेअरीला एवढ्या बारकाव्याची गरज नव्हती. पण साईनाथ काही महिने ठाण्याच्या कंपनीत राहून आला होता आणि तिथून एका सीडीवर नवी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घेऊन आला होता. ती वापरल्याशिवाय त्याला झोप येणार नव्हती.

आमच्या टपलमध्ये चार जागा ठरल्या. सभासद नंबर, नाव, लिटर, फॅट. चारच असाव्यात हा हट्ट माझा होता, आणि त्यामागे माझी आई होती.

डेअरीत तोवर काय चालायचं ते सांगते. गावाचं दूध मोठ्या कॅनमध्ये जायचं. वाडीचं दूध शेवटी, एका पोचे आलेल्या जुन्या कॅनमध्ये, आणि तो कॅन पुढे हायवेवरच्या हॉटेलांना. का, तर वाडीचं दूध पातळ असतं. फॅट मोजायच्या आधीच पातळ. आणि वाडीच्या भांड्यांत काय काय शिजतं कुणाला ठाऊक, असंही हळूच म्हणायचे. माझी आई ठकू, हिरीमावशी, शकू आणि आणखी दोघीतिघींनी बचत गटातून म्हशी घेतल्या होत्या. म्हसाच्या गुरांच्या जत्रेला सगळ्या एकाच टेम्पोतून गेल्या आणि रात्री म्हशींबरोबर चालत परत आल्या. चांगल्या म्हशी मिळाल्या. पण किटली घेऊन डेअरीवर गेलं की विठूकाका हाताने दाखवायचा, त्या बाजूला उभ्या ऱ्हावा. आई उभी राहायची. मी लहान असते तर मलाही त्यात काही वाटलं नसतं.

मशीन आलं की हे संपेल, हे मी मनात धरून ठेवलं होतं. मशीनला नंबर कळतो, लिटर कळतं, फॅट कळते. तू कुठून आलीस, हे त्याला विचारताच येत नाही, कारण ते ठेवायला जागाच नाही. हे मी साईनाथला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, “चारच. पाचवी कशाला पायजे?” त्याने हातावर हात मारला. मी त्या टाळीवर सगळं सोडून दिलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी साईनाथने त्याचा भाग मला पेनड्राइव्हवर दिला. दिवे जोडून झाले, सगळं झालं, तू जोडून घे, म्हणाला आणि मांडवाचं बघायला गेला. त्याच्या भागाचं मूळ लिखाण त्याच्याचकडे असायचं, मला तयार झालेली फाइल मिळायची आणि सोबत टपलची ओळख करून देणाऱ्या दोनतीन छोट्या फाइली. मी माझा भाग जोडला आणि कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, भडकला. माझ्या पावतीत चार जागांची सोय होती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे समोरून येणाऱ्या जागा चार नव्हत्या.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. खरंच असं वाटलं, आणि त्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

साईनाथने टपल तुकड्यातुकड्यांनी बांधलं होतं. एका फाइलीत दोन जागा, दुसऱ्या फाइलीत आणखी काही, आणि शेवटी सगळ्यांवर एकच नाव, ‘नोंद’. नाव वाचून आत काय आहे ते कळत नाही. अशा वेळी मी एक युक्ती करायचे. एक साचा अर्धवट लिहून ठेवायचा, आणि कंपायलरला सांगायचं, या जागेवरचा प्रकार या साच्यात घालून दाखव. साचा अर्धवट असल्यामुळे त्याला ते जमत नाही. मग तो चिडतो, आणि चिडून सांगतो की अमुक प्रकार मला या साच्यात घालता येत नाही. त्या अमुकचं नाव हवं असतं आपल्याला. त्याला चिडवलं की तो खरं बोलतो. माणसांचंही असं असतं, पण सगळ्यांचं नसतं.

आधी मी नुसती लांबी विचारली. पाच.

मग एकेक जागा विचारत गेले. पहिली, पूर्णांक. बरोबर, सभासद नंबर. दुसरी, अक्षरं. नाव. तिसरी, दशांश. लिटर. चौथीही दशांश. फॅट. इथे मी थांबून पाणी प्यायले. पाचवीला कंपायलरने जो प्रकार सांगितला तो भाषेतला नव्हता, कुणीतरी घरी केलेला होता. त्याचं नाव होतं ‘वस्ती’.

छोट्या फाइलींपैकी एकीत ती वस्ती मिळाली. तिच्यात दोनच किमती बसत होत्या. गाव आणि वाडी.

तरी मन वकिली करत होतं. दुधाच्या टेम्पोच्या फेऱ्यांसाठी असेल. पत्त्यासाठी असेल. मग तराजूवरचे दोन दिवे आठवले. हिरवा लागला की तराजूखालची नळी पहिल्या कॅनकडे वळायची, पिवळा लागला की दुसऱ्या. पिवळा कशाला, असं मी विचारलं होतं तेव्हा साईनाथ म्हणाला होता, फॅट कमी लागली तर. मी सभासदांची फाइल उघडली. ती माझ्याकडचीच, पण मधे तो एकदा तपासायला म्हणून मागून घेऊन गेला होता. प्रत्येक नावापुढे आता पाचवी किंमत भरलेली होती. विठूकाका, गाव. काशीकाकी, गाव. हिरी, वाडी. शकू, वाडी. आणि ठकू, माझी आई, गाव.

साईनाथ संध्याकाळ व्हायच्या आधी परत आला. हाताला झेंडूचा वास होता.

“ही पाचवी जागा कसली?” मी विचारलं.

तो स्क्रीनकडे बघत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हाच मला कळायचं ते कळलं.

“ते काकाचं म्हननं व्हतं.”

“चार ठरल्या होत्या.”

“ठरल्या व्हत्या गो. पन काका बोलला, वेगळा कॅन नसंल तर मशीन नाय पायजे. गावातली मानसं दूध घालनार नाय, बोलला. मग आपन काय करायचं? परत क्लासात पोरांना टायपिंग शिकवायचं?”

“मला का नाय सांगितलंस?”

“तू भांडली असतीस.”

“भांडलेच असते.”

“म्हनूनच नाय सांगितलं.” हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की क्षणभर मलाच ते शहाणपणाचं वाटलं. “एकदा चालू तर होऊ दे. मग काढून टाकू हळूच. आन तुझ्या आयला मी गावात घातलीय, बघितलंस ना? तिला हिरवाच लागंल. तुला तरास नको म्हनून.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. खंजीर असता तर निदान रक्त आलं असतं, दाखवता आलं असतं. हा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून, मला त्रास नको म्हणून, माझ्याच कामात माझ्याच वाडीची वेगळी जागा करून मोकळा झाला होता. वर आईला वाडीतून बाहेर काढून मला आयुष्यभराची ऋणी करून ठेवणार होता. मला हे कधी कळलंही नसतं. आईच्या किटलीला रोज हिरवा दिवा लागला असता आणि मी म्हटलं असतं, बघा, मशीन कसं सगळ्यांना सारखं. त्याला हे सगळं सुनवायला हवं होतं. मी पर्स उचलली आणि जीप पकडायला गेले. बोलले असते तर रडले असते, आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

घरी आई म्हशीखाली बसली होती. धारेचा आवाज चालू होता. मी तिच्या मागे उभी राहून सगळं सांगितलं. पाचवी जागा, गाव, वाडी, दिवे. तिला समजेल अशा शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. धार थांबली नाही.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“त्यो आल्ता ना, साईनाथ. चा पिऊन गेला. बोलला, मावशी, तुमी गावात. तुमाला पयल्या कॅनात. पन वाडीत कुनाला बोलू नका, आरतीला बी नको.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“काय म्हननार? बरं, म्हनले.”

मी खाली बसले. शेणात बसले की कुठे, ते बघितलं नाही. “आये, हिरीमावशी तुझ्याबरोबर टेम्पोत होती. शकू होती. म्हस आजारी पडली तेव्हा हिरीमावशी इथं झोपली होती.”

“व्हती.”

“मग त्यांचं काय?”

“त्यांच्या पोरी कुठं काँप्युटर शिकल्या?” तिने हे रागाने म्हटलं नाही. बाजारात भाव सांगावा तसं म्हटलं. मग किटली उचलली, फेस बघितला आणि माझ्याकडे वळली. “जल्मभर बाजूला उभी ऱ्हायले गो. येकदा पुढं उभी ऱ्हायले तं तुला का टोचतंय?”

तिचं चुकलं, असं मी म्हणते. तिने माझ्या आधी होकार दिला होता, माझ्यापासून लपवून. साईनाथ परका होता असं एक वेळ म्हणता येतं. आईला काय म्हणू?

सकाळी डेअरीसमोर मांडव होता. मुरबाडहून एक पाहुणे आले होते, टोपी, जाकीट, सगळं. नारळ, पेढे, अगरबत्ती. नवा मोठा कॅन घासूनपुसून ठेवला होता, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. जुना पोचे आलेला कॅन मागे, पोत्याने झाकलेला. नळीचं दुसरं तोंड त्याच्यावर होतं. मी बोलायला म्हणून आले नव्हते. शेवटची तपासणी माझ्याकडे होती, ती करायला बसले. पाचवी जागा काढायची तर साईनाथचं मूळ हवं, ते माझ्याजवळ नव्हतं. पावतीतली सोय मी चाराची पाच करून घेतली. टपल त्याचं होतं. पण त्यातल्या किमती माझ्या फाइलीत होत्या.

आधी वाटलं, सगळ्यांना गाव करावं. बोट तिथपर्यंत गेलंही. पण मग वाडीच्या बायांचं दूध चोरासारखं पहिल्या कॅनात गेलं असतं, आणि कुणाच्या लक्षात आलं की पुन्हा बाजूला. नुसते उपकार. उपकारांचा मला कंटाळा आला होता. मी पहिल्या नावावर गेले आणि गाव खोडून वाडी केलं. विठूकाका, वाडी. काशीकाकी, वाडी. साईनाथ, वाडी. सगळं गाव एकेक करून ओढ्यापलीकडे नेऊन ठेवलं. हिरी आणि शकूपाशी काही करायचं नव्हतं. मग आईचं नाव आलं. तिच्यापुढचं गाव मी तसंच राहू दिलं.

पाहुण्यांनी फीत कापली. पहिली किटली विठूकाकाची. साईनाथने दूध तराजूत ओतलं, नंबर दाबला. पिवळा. नळी वळली आणि चेअरमनचं दूध पोत्याखालच्या कॅनमध्ये गेलं. साईनाथने दिव्यावर टिचकी मारली. मागून कुणीतरी हसलं. “काय रं विठू, वाडीवानी पातळ झालास काय?” त्या हसण्यावरून मला कळलं की पिवळ्याचा अर्थ सगळ्या गावाला माहीत होता. वाडीला नव्हता, आणि कालपर्यंत मला नव्हता.

दुसरी किटली, पिवळा. काशीकाकी, पिवळा. पाहुण्यांनी काकाची पावती हातात घेतली. “फॅट सात लागलीय की हो. मग हा दिवा कसला?” काका काय सांगणार होता? पाहुण्यांसमोर थांबवताही येईना. हार घातलेला कॅन रिकामा, आणि पोत्याखालचा भरत चाललेला. साईनाथचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्याला समजलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले, तोच खाली बघेपर्यंत. काका माझ्याजवळ येऊन दातांतल्या दातांत म्हणाला, “खाल्ल्या घरचे वासे मोजतेस काय गो?” मी म्हटलं, “काका, मी फक्त जागा मोजल्या.”

गावाची ओळ संपली. वाडीच्या बाया नेहमीसारख्या शेवटी होत्या, आणि त्यांच्या पुढे, गावाच्या शेपटाला, आई. नवं लुगडं नेसून आली होती. तिची किटली तराजूत रिकामी झाली आणि दिवा हिरवा लागला. त्या सकाळचा पहिला हिरवा. नळी फिरली आणि हार घातलेल्या मोठ्या कॅनच्या तळावर आईचं दूध पडलं. रिकाम्या भांड्यात पडताना होतो तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. कुणी हसलं नाही.

मग हिरीमावशीची किटली. पिवळा. शकूची, पिवळा.

हिरीमावशीने आधी दिव्याकडे बघितलं, मग पोत्याखालच्या कॅनकडे. तिथे सगळं गाव होतं, तिला त्यात दुःख काहीच नव्हतं. मग तिने हाराच्या कॅनकडे बघितलं. ती काही शिकलेली नाही, पण तिला दोन दिव्यांचा हिशेब कळायला वेळ लागला नाही.

“ठकूबाय,” ती म्हणाली, “येकट्या तुलाच हिरवा कसा गो? तुला ठावं व्हतं?”

आई माझ्याकडे बघू लागली. मी काहीतरी बोलावं, मशीनची चूक म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ते मला अगदी स्पष्ट दिसत होतं. माझ्या तोंडून ते एक वाक्य निघालं असतं तर दोघी जणी रोजच्यासारख्या ओढ्याच्या वाटेने बोलत घरी गेल्या असत्या.

मी शकूची पावती फाडून पुढे केली.

हिरीमावशीने किटली उपडी करून झटकली, पदराने पुसली आणि शकूला म्हणाली, चल. त्या दोघी आणि बाकीच्या बाया निघून गेल्या. आई मोठ्या कॅनपाशी उभी होती, अजून तिला कुणी बाजूला हो म्हटलं नव्हतं.